ठमीची सुई

"दूध कोणी घातलं हिला?"

श्रीपादरावांनी खराट्याची एक काडी मोडून घेतली, खाली वाकले आणि फरशीवरच्या ओकारीतून ती हळूहळू फिरवू लागले. पिवळट पाणी, फेस, दुधाच्या न पचलेल्या गुठळ्या. ठमी भिंतीला अंग टेकून बसली होती. करड्या पट्ट्यांची, एके काळी चांगली गरगरीत असलेली ही मांजर आता पाठीचा कणा बोटांना लागावा इतकी उतरली होती. आपल्याबद्दल चौकशी चालली आहे याचं तिला काही नव्हतं. ती पुढचा पाय चाटत होती.

"मीच घातलं. रोज कोण घालतं?" कल्पना, त्यांची सून, स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

"कुठल्या भांड्यातलं?"

"सगळ्यांच्या भांड्यातलं, मामंजी. तुमच्या चहात पण तेच आहे."

श्रीपादरावांनी खिडकीत ठेवलेल्या चहाच्या कपाकडे पाहिलं. अर्धा पिऊन झाला होता. उरलेला त्यांनी तसाच राहू दिला.

काल संध्याकाळी एकदा ओकली, आणि आज ही दुसरी खेप. सकाळच्या सुईची वेळ झाली होती. काचेची पिचकारी पातेल्यात उकळून, धुतलेल्या फडक्यावर काढून ठेवली होती. पण डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की पोटात अन्न गेल्याशिवाय सुई टोचायची नाही, आणि पोटातलं अन्न तर हे असं फरशीवर पडलेलं. श्रीपादरावांनी पिचकारी फडक्यात गुंडाळून ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत म्हणाले, "आजपासून हिला कोणी काही घालायचं नाही. मी घालीन."

आत भांडं जरा जोरात आपटलं.

श्रीपादरावांची उभी हयात नाक्यावर गेली होती. उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात, आणि थोडं पुढे गेलं की इंदूरकरांची हद्द. त्या हद्दीवरच्या सायर नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, ते नाकेदार होते. बांबू आडवा टाकायचा, गाडी थांबवायची आणि कडब्याखाली काय दडवलंय ते शोधून काढायचं, हे त्यांचं काम. गाडीवान बैलाची दोरी कशी धरतो यावरून त्यांना आत तुपाचा डबा आहे की नाही ते कळायचं म्हणे. जास्त बोलणाऱ्याचा माल आधी उघडायचा, हा त्यांचा नेम, आणि तो क्वचितच चुकला. मग स्वातंत्र्य आलं, संस्थानं गेली, मध्यभारत झाला. ज्या हद्दीवर ते बसत होते ती हद्दच पुसली गेली. नाका उठला, बांबू कुणीतरी जळणाला नेला, आणि श्रीपादरावांना उरलेली वर्षं एका कचेरीत आवक टपालावर शिक्के मारायला बसवलं. पुढे पेन्शन झाली. संशय मात्र निवृत्त झाला नाही. तो त्यांच्याबरोबर माधव नगरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आला.

बाजारातून आलेल्या पिशवीत ते हात घालून बघत, तेव्हा त्यांची बायको अहल्याबाई हसून म्हणायची, "अहो, मी काही बैलगाडी नाही." तिच्याशी मात्र त्यांचं कधी बिनसलं नाही. तिला मधुमेह झाला तेव्हा इन्सुलिनची सुई द्यायला रोज कंपाउंडर कुठून आणायचा, म्हणून हा माणूस संत्र्यावर सराव करून सुई टोचायला शिकला. माठाखालच्या ओल्या वाळूत बरणी पुरून तिच्यात इन्सुलिनची बाटली ठेवायची, म्हणजे गार राहते, ही युक्तीही त्यांचीच. काही वर्षं रोज सकाळी ती पदर सावरून दंड पुढे करायची, आणि ठमी तिच्या मांडीशी बसून पिचकारीकडे डोळे लावून बघत राहायची. मग पायाची जखम चिघळायचं निमित्त झालं आणि अहल्याबाई गेली. पिचकारी उकळून, कोरडी करून कपाटात गेली. त्या दिवसानंतर सकाळच्या त्या वेळेला आपल्या हातांचं काय करायचं, हे श्रीपादरावांना बरेच दिवस कळलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात ठमी बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागली. खायची भरपूर आणि दिवसेंदिवस वाळत चालली. ती अंगणात जिथे लघवीला बसायची तिथे मुंग्या लागलेल्या श्रीपादरावांनी पाहिल्या आणि ते जागीच उभे राहिले. या मुंग्या त्यांच्या ओळखीच्या होत्या. पिशवीत घालून ते मांजराला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर मुळे मुंबईला शिकून आलेले, वयाने तरुण. ते म्हणाले, "कुत्र्यांना मधुमेह होतो हे मी शिकलोय. मांजराला सुई दिलेली कधी पाहिली नाही. तुमची तयारी असेल तर करून बघू." पिचकारीवरच्या दोनच बारीक रेघा, सकाळ-संध्याकाळ, मानेमागच्या सैल कातडीत. ठमी हलायचीसुद्धा नाही. लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात घालून दिव्यावर तापवली की पूर्वी विटेसारखी लाल व्हायची, ती महिन्याभरात हिरवट व्हायला लागली, म्हणजे साखर उतरत होती. शेजारीपाजारी हसले. श्रीपादरावांनी लक्ष दिलं नाही. त्यांच्या हातांना काम मिळालं होतं.

आणि आता हे ओकणं.

संशयाला कारण होतं. पुन्हा राज्य बदलणार होतं. मध्यभारत मोडून मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला, आणि कचेऱ्यांतली कागदपत्रं ट्रकांत भरून तिकडे जायला लागली होती. मुलगा जयंत सरकारी खात्यात कारकून. त्याच्या बदलीचा हुकूम आला होता. दिवाळी झाली की भोपाळला हजर व्हायचं. घर सोडायचं, सगळ्यांनी जायचं. श्रीपादराव म्हणाले होते, "मांजर आगगाडीत मरेल. ती इथे आहे तोवर मी इथे आहे." त्यावर कोणी वाद घातला नव्हता, आणि श्रीपादरावांना नेमकं तेच खटकलं होतं. परवा दिवेलागणीला ते अंगणातून येत असताना आतलं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं.

"तिचं काहीतरी करायलाच पाहिजे," कल्पना म्हणत होती. "त्याशिवाय मामंजी काही हलायचे नाहीत."

"हळू बोल," जयंत म्हणाला होता.

आणि दुसऱ्याच दिवशी ठमी ओकली. नाक्यावर यापेक्षा कमी पुराव्यावर त्यांनी अख्ख्या गाड्या रिकाम्या करवल्या होत्या.

त्यांनी ओकारी लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत भरली, बूच लावलं, ठमीला पिशवीत घातलं आणि दवाखान्याची वाट धरली.

डॉक्टर मुळ्यांनी बाटली उजेडात धरली, हुंगली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. मग ठमीचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, तोंडाचा वास घेतला.

"विष असेल?" श्रीपादरावांनी विचारलं.

"विष कोण घालील हो हिला?"

"घरातलंच कुणी."

डॉक्टरांनी बाटलीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "इथं तसं तपासायची सोय नाही. पण विष खाल्लेलं जनावर असं पाय चाटत बसत नाही, श्रीपादराव. म्हातारी झाली आहे. त्यातून हा रोग. पोट बिघडलं असेल, पाल खाल्ली असेल. मांजरं ओकतात."

"मग सुई देऊ की नको?"

"तीच तर अडचण आहे. पोटात काही नसताना पुरी सुई दिलीत तर रक्तातली साखर एकदम उतरेल, झटके येतील. आणि सुई बंदच केलीत तर दुसऱ्या बाजूने जाईल. साखर चढत जाईल, तोंडाला आंबूस वास सुटेल, मग खाणंच टाकेल." डॉक्टरांनी बोटांनी एक रेघ दाखवली. "थोडं थोडं खायला घाला. पोटात राहिलं तर अर्धी सुई द्या. आणि थरथरली, झिंगल्यासारखी चालली, तर मला शोधत बसू नका. आधी साखर. ओली करून हिरडीला चोळायची. घशात ओतायची नाही."

"आणि बाटलीतच कुणी काही केलं असेल तर?"

"मग नवी बाटली आणा," डॉक्टर जरा कंटाळून म्हणाले.

दवाखान्यातून उतरताना श्रीपादरावांना आठवलं की जयंत आणि हे डॉक्टर गणपतीच्या मंडळात बरोबर असतात. पाय चाटते म्हणून विष नाही? हा काय पुरावा झाला?

ते तसेच फ्रीगंजला औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार मोठा बोलका माणूस. कपाटातून बाटली काढता काढताच सुरू झाला, "बाबूजी, पहलेवाली तो अभी है नहीं. ये ज़रा तेज़ आती है, डॉक्टर साहब को बता देना, सुई में..."

"सील दाखवा," श्रीपादराव म्हणाले.

"सील तो पक्की है बाबूजी, मैं ये कह रहा था कि..."

"पहले सील."

बाटली हातात घेऊन त्यांनी रबरी बुचावरचं पत्र्याचं टोपण नखाने चाचपलं, उलटी करून पाहिली, उजेडात धरून पाहिली. दुकानदार बोलत राहिला. जेवढा तो जास्त बोलला, तेवढं श्रीपादरावांनी ते टोपण जास्त बारकाईने पाहिलं. सील शाबूत होतं. त्यांनी बाटली खिशात टाकली आणि ते दुकानाच्या पायऱ्या उतरले.

घरी आले ते दुसऱ्याच गवळ्याकडून वेगळं दूध घेऊन. ते दूध त्यांनी आपल्या हातांनी तापवलं, जाळीच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप घातलं. जुनी इन्सुलिनची बाटली बरणीतून काढून कागदात गुंडाळली, दोरा बांधला, आणि पेटीच्या तळाशी पडून असलेली नाक्यावरची लाखेची कांडी दिव्यावर धरून गाठीवर लाख ओतली. पुरावा म्हणून.

कल्पना दारात उभी राहून बघत होती. दिवाळी तोंडावर आलेली, लाडवांसाठी तिने रवा भाजायला घेतला होता. तिच्या हातात उलथनं तसंच होतं.

"दुधाला कुलूप, मामंजी?"

"कुलूप दुधाला आहे. तुला कशाला लागतंय?"

तिचा चेहरा पडला. ती आत गेली आणि रवा करपल्याचा वास घरभर पसरला.

दुपारी ठमीने बशीतलं दूध थोडं चाटलं. त्यात पोळीचा कुस्करा होता, तो मात्र हुंगून सोडून दिला. श्रीपादराव घड्याळाकडे बघत तिच्याजवळ बसून राहिले. दूध पोटात टिकलं. मग त्यांनी नव्या बाटलीतून अर्धी सुई भरली, म्हणजे एकच रेघ, आणि मानेमागे टोचली. ठमीने डोळे मिटले.

त्यानंतर थोड्याच वेळाने ती पुन्हा ओकली.

श्रीपादराव त्या पांढऱ्या थारोळ्याकडे बघतच राहिले. दूध त्यांचं. भांडं त्यांचं. कुलूप त्यांचं, किल्ली जानव्याला. सबंध दुपार ते जागचे हलले नव्हते. मग आलं कुठून? पाण्यातून? बशी कुणी पुसली होती? पोळीच्या पिठात काही असेल, अंगणातल्या तुळशीला काही घातलं असेल आणि हिने पानं खाल्ली असतील. ते एकेक वाट तपासत गेले. प्रत्येक वाट थोडं पुढे जाऊन कल्पनापाशीच थांबत होती. त्यांनी दुसरी वाट शोधून पाहिली नाही असं नाही. पण सवय जिकडे नेत होती तिकडे ते जात होते.

उन्हं उतरायला लागली तेव्हा ठमी उठली. दोन पावलं चालली आणि तिचं मागचं अंग एका बाजूला घसरलं. पुन्हा उठली. डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे काळेभोर दिसत होते. मान थडथड उडत होती. मग ती आडवीच झाली आणि चारही पाय ताठ होऊन हलायला लागले.

"काय घातलंस?" श्रीपादराव ओरडले. "कल्पना! काय घातलंस तू हिला?"

कल्पना धावत आली. शेगडीवर लाडवांचा पाक होता आणि पळी तिच्या हातातच होती. तिने मांजराकडे एकदा पाहिलं, खाली बसली, पळीतला पाक फुंकून बोटावर घेतला आणि ठमीचा ओठ वर करून हिरडीला चोळायला लागली.

"हात लावू नको!"

"डॉक्टरांनी साखर सांगितली होती ना? तुम्हीच सांगत होतात गेल्या महिन्यात. डोकं धरा तिचं!"

"आधी सांग, काय..."

"डोकं धरा, मामंजी!"

या घरात त्यांच्यावर कुणी ओरडलं नव्हतं. श्रीपादरावांनी डोकं धरलं. ठमीने दात आवळले तेव्हा कल्पनाचं बोट मध्ये सापडलं. तिने ते ओढून काढलं नाही. दुसऱ्या हाताने पाक लावत राहिली. शेगडीवरचा पाक आत उतू गेला, त्याचा चर्र आवाज झाला, कोळशाचा धूर आला. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

हळूहळू पाय सैल पडले. मग जीभ हलली. ठमीने ओठावरचा पाक चाटला, एकदा, पुन्हा एकदा, आणि मान उचलून कल्पनाकडे असं पाहिलं की जणू हे काय चिकट लावून ठेवलंस.

कल्पना भिंतीला टेकली. बोटातून रक्त येत होतं. ते तिने पदरात धरलं आणि मग ती बोलायला लागली, मोठ्याने नाही, पण थांबलीही नाही.

"तुम्हाला वाटतं मी जहर घातलं. खरं सांगू? कधी कधी मला वाटतं, मरावी एकदाची. रोज मी ओकारी पुसायची, रात्री ती घाण करते ते वाळूचं ताट मी धुवायचं, आणि भोपाळला जायचं अडलंय ते हिच्यापायी. हो, वाटतं. पण वाटणं वेगळं आणि घालणं वेगळं. परवा आम्ही बोलत होतो ते तुम्ही ऐकलंत, मला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या विनोदिनीबाईंकडे हिला ठेवावं असं म्हणत होतो. तुम्हाला कसं सांगायचं म्हणून हळू बोलत होतो. बस. एवढंच होतं."

श्रीपादरावांचा हात अजून ठमीच्या डोक्यावर होता.

"आज सकाळपासून माझ्या हातचं काही गेलेलं नाही तिच्या पोटात," कल्पना म्हणाली. "मग झालं कशाने? ती नवी बाटली कुठे आहे?"

ती उठली, वाळूतली बरणी उघडून तिने बाटली काढली. मग पेटीवर ठेवलेली कागदाची पुडी घेतली, लाखेची गाठ दाताने तोडली आणि जुनी बाटली बाहेर काढली. दोन्ही बाटल्या हातात धरून ती खिडकीशी गेली. ती मॅट्रिक झालेली होती. चिठ्ठीवरचं इंग्रजी तिने ओठ हलवत वाचलं.

"मामंजी, हे बघा. जुनीवर चाळीस लिहिलंय. आणि नवीवर ऐंशी."

श्रीपादराव जवळ गेले. चष्मा पुसला. त्यांना बाटलीचा आकार दिसत होता, टोपण दिसत होतं. अक्षरं मात्र मुंग्यांसारखी होती. त्यांनी बाटली लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली. "ये ज़रा तेज़ आती है," दुकानदार म्हणत होता. दुप्पट तेज. अर्धी म्हणून टोचलेली सुई पुरी झाली होती, आणि पोटातलं सगळं तर फरशीवर पडलं होतं.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. किती दिवस दिसत नव्हतं, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

जयंत कचेरीतून आला तेव्हा शेगडीभोवती पाकाचा काळा थर जमला होता, बायको बोटाला चिंधी बांधून रवा पुन्हा भाजत होती, आणि वडील सुरीने जाळीच्या कपाटाची कडी काढत होते. कुलपाची किल्ली असताना ते कडीच का काढताहेत, असं त्याने विचारलं. "नको आहे ती," श्रीपादराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिचकारी उकळून फडक्यावर ठेवली आणि कल्पनाला हाक मारली.

"भर तू."

"मी?"

"चाळीसवाली घे. दोनच रेघा. हवेचा बुडबुडा राहिला तर बोटाने टिचकी मार."

तिची रेघ एकदा चुकली, पुन्हा भरली. पिचकारी उजेडात धरून तिने ती त्यांच्यापुढे केली, तपासायला. श्रीपादरावांनी ती न बघताच ठमीच्या मानेची कातडी दोन बोटांत उचलून धरली.

"तू बघितलंस ना? मग टोच."

तिने टोचली. ठमी हलली नाही. कल्पनाच्याच डोळ्यांत पाणी आलं आणि ती घाईघाईने उठून आत गेली.

ओकणं कशाने होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टर मुळे दोनदा घरी येऊन बघून गेले. पाल, पोट, वय, सगळी नावं घेऊन झाली. मध्ये आठवडाभर ठमी बरी होती, खाल्लेलं टिकत होतं, निळं औषध हिरवट होत होतं. विनोदिनीबाईंना कुणी विचारलं नाही, कारण सुई कोण देणार? जयंत स्टेशनवर जाऊन मांजर डब्यात न्यायला परवानगी लागते का ते विचारून आला. श्रीपादरावांनी ते ऐकलं आणि भोपाळचं हवापाणी कसं आहे असं पहिल्यांदाच विचारलं.

पण घरातून शोध पुरता गेला असं नव्हतं. ठमी ओकली की श्रीपादराव उठायचे, वाकायचे, आणि त्यांचा हात आपोआप काडीकडे जायचा. मग तो हात ते मागे घ्यायचे आणि फडकं शोधायचे. जन्मभर ज्या गाडीत काही सापडलं नाही त्या गाडीवर त्यांचा भरवसा बसला नव्हता. आता कुणीच दोषी नाही, आणि तरीही मांजर वाळत चाललं आहे, हे मान्य करणं त्यांना विषापेक्षाही जड गेलं.

दिवाळी झाली. सामान बांधायला काढलं. भांडी पोत्यांत, कपडे ट्रंकेत, गाद्या सतरंजीत गुंडाळून दोरीने आवळलेल्या. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी श्रीपादराव बाहेरच्या खोलीत आले तेव्हा ठमी एका वळकटीवर कुशीला पडली होती. ऊन तिच्या पाठीवर आलं होतं. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. झटके आले नव्हते, ओकलीही नव्हती. नुसती निघून गेली होती.

त्यांनी कल्पनाला हाक मारली नाही. तीच आली आणि दारातच थांबली.

श्रीपादरावांनी अंगणात, तुळशीच्या पलीकडे, खुरप्याने खड्डा केला. पुरे खोल होईना तेव्हा कल्पना पदर खोचून खाली बसली आणि हातांनी माती उपसायला लागली. अहल्याबाईच्या एका जुन्या लुगड्याचा तुकडा होता, त्यात ठमीला ठेवलं. माती लोटली, वर दोन विटा ठेवल्या. जयंत सामानाची गाडी ठरवायला गेला होता. घरात दोघंच होती.

कल्पना वाट बघत होती. या घरात काहीही सांडलं, मोडलं, मेलं, की कोणी केलं, हा एक प्रश्न येतो हे तिला ठाऊक होतं. तो आला नाही. विटा नीट बसल्या आहेत ना, ते श्रीपादराव पायाने चाचपून बघत होते. शेवटी तीच म्हणाली, "मामंजी, सकाळी सुईच्या आधी मीच दूध दिलं होतं तिला. वाटीभर. सगळं प्यायली."

श्रीपादरावांनी मान हलवली.

"बरं केलंस," ते म्हणाले. "उपाशी नाही गेली."

मग ते आत गेले, तांब्या भरून घेऊन आले, आणि पायरीवर उभे राहून म्हणाले, "हात पुढे कर." कल्पनाने मातीने भरलेले दोन्ही हात पुढे केले. सासऱ्याने सुनेच्या हातांवर पाणी घालायचं, अशी रीत त्या घरात नव्हती. श्रीपादराव सावकाश पाणी घालत राहिले, माती पुरती निघेपर्यंत.